धूर गेला, वेग अजून वाटेतच आहे

गाडी किती मिनिटांत पोचली पाहिजे हे कुणी कायद्यात लिहितं का? कॅलिफोर्नियाने लिहिलंय. नोव्हेंबर २००८ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रपोझिशन १ए हा हायस्पीड रेल्वेचा प्रस्ताव मंजूर केला, ९.९५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढायला परवानगी दिली, आणि सोबत अटी अशा की गाडी विजेवरच धावणार, ताशी २०० मैल म्हणजे साधारण ३२० किमीचा वेग तिला सलग झेपला पाहिजे आणि सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस न थांबता २ तास ४० मिनिटांत. डिझेलचा विषयच संपला.

आता डिझेलवर काय एवढा राग? राग नाही, गणित आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो विरोध दुप्पट वेगाने कापायचा म्हणून लागणारी ताकद होते आठपट. १६० वरून ३२० ला जायचं तर हवेपुरतीच आठपट ताकद! डिझेल इंजिन आपलं पॉवरहाऊस स्वतःच्या पाठीवर घेऊन पळतं, म्हणजे ताकद वाढवायची तर वजनही वाढणार, आणि गंमत अशी की बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांतसुद्धा चाकं फिरवतात त्या इलेक्ट्रिक मोटरीच, डिझेल फक्त आत बसून वीज बनवत असतं. मग ते पॉवरहाऊस गावाबाहेर ठेवा आणि वीज वरच्या वायरमधून घ्या, एवढीच सगळी आयडिया. फ्रान्सच्या टीजीव्ही या हायस्पीड गाडीचा पहिला प्रोटोटाइपही विजेचा नव्हता, गॅस टर्बाइनचा होता, आणि १९७२ मध्ये तो ३१८ किमीपर्यंत गेला पण होता. पण १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचा हिशोबच बदलला आणि फ्रेंच लोक वायरकडे वळले.

कॅलिफोर्नियात मात्र ती ३२० वाली गाडी अजून रुळावर आलेली नाही. सुरुवातीला सुमारे ३३ अब्ज डॉलर म्हणत होते, तो अंदाज आता १०० अब्जांच्या वर गेलाय, आणि प्रत्यक्ष बांधकाम चाललंय ते राज्याच्या मधल्या खोऱ्यात, ११९ मैलांवर.

पण याच कायद्याच्या पैशातून एक काम मात्र खरंच झालं, आणि माझ्या मते खरी बातमी तीच. ६० कोटी डॉलर कॅलट्रेनला मिळाले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे ही रोज कामावर जाणाऱ्यांची साधी लाइन. पुढे हायस्पीड गाड्या याच रुळावरून जाणार म्हणून हे पैसे. ५१ मैलांवर २५ हजार व्होल्टची वायर टाकली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये या टप्प्यातल्या डिझेल गाड्या गेल्या.

गाडीचा टॉप स्पीड किती वाढला? शून्य. आधीही ताशी ७९ मैल, आताही ७९. तरी सगळीकडे थांबणारी गाडी जिथे आधी जवळपास १०० मिनिटं घ्यायची तिथे आता ७५ लागतात. कसं काय? पिकअप. जुन्या गाडीत एक इंजिन, त्याचे चार एक्सल, आणि तेवढ्यांनीच सगळे डबे ओढायचे, त्यात जास्त जोर लावला तर चाकं रुळावर घसरणार. नव्या गाडीत मोटरी निरनिराळ्या डब्यांखाली वाटलेल्या, त्यामुळे जास्त चाकं रूळ पकडतात आणि स्टेशन सुटलं की गाडी पटकन वेग घेते. वीसेक वेळा थांबणाऱ्या गाडीत प्रत्येक स्टेशनला वाचलेलं एक-एक मिनिट जमा होत जातं. ब्रेक लावताना त्याच मोटरी जनरेटर बनतात, आणि वापरलेल्या विजेतली साधारण २३ टक्के अशी परत वायरमध्ये जाते म्हणे, हा आकडा कॅलट्रेनचाच. डिझेल गाडीत ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जायची.

आणि धूर. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या बदलत असतानाच डब्यांत मोजमाप केलं तर प्रवाशांच्या श्वासात जाणारी काजळी सरासरी ८९ टक्क्यांनी घटली होती, तीही काही आठवड्यांत. हवेच्या बाबतीत एवढा झटपट निकाल सहसा बघायला मिळत नाही, बहुतेक नियमांना वर्षानुवर्षं लागतात.

मग उरलेली डिझेल इंजिनंही कायद्याने घालवा की. राज्याच्या हवा मंडळाने २०२३ मध्ये तसा नियम केलाही होता, २०३० पासून २३ वर्षांहून जुनी इंजिनं राज्यात चालवायला बंदी, स्वच्छ असतील तरच सूट. पण रेल्वे इंजिनांच्या धुरावर राज्याला स्वतःच्या बळावर नियम लादता येत नाहीत, केंद्राच्या पर्यावरण संस्थेची परवानगी लागते, आणि ती न मिळताच जानेवारी २०२५ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. सॅन होजेच्या दक्षिणेचे रूळ तर युनियन पॅसिफिक या मालगाडी कंपनीचे, तिथे वायर नाही. त्या बाजूच्या गिलरॉय गावाला जाणारे प्रवासी सॅन होजेला विजेच्या गाडीतून उतरतात आणि पलीकडे उभ्या डिझेल गाडीत जाऊन बसतात.