नोकरी बदलणे आणि क्षेत्र बदलणे: खराब अप्रेझलनंतरचे दोन वेगळे प्रश्न

वर्षभर काम व्यवस्थित चालले आहे असे वाटत असताना अप्रेझलमध्ये अचानक तळाची श्रेणी हाती पडली, की ‘इथे राहावे का?’ आणि ‘हे काम आपल्याला जमणारे आहे का?’ हे दोन प्रश्न मनात एकदमच उभे राहतात आणि थोड्याच दिवसांत एकमेकांत मिसळून जातात. पहिला प्रश्न नोकरीचा आहे, दुसरा क्षेत्राचा. अप्रेझल पहिल्याविषयी पुष्कळ काही सांगते. दुसऱ्याविषयी मात्र त्यात जेवढे असते त्याहून किती तरी अधिक आपणच वाचतो, असे माझे मत आहे.

रेटिंग कसे ठरते हे पाहिले, तर त्याचे कारण लक्षात येते. बऱ्याच कंपन्यांत मॅनेजरने सुचवलेली श्रेणी अंतिम नसते. वरिष्ठ एकत्र बसून श्रेणींचे प्रमाण जुळवतात आणि बेल कर्व्ह, म्हणजे प्रत्येक श्रेणीत किती टक्के कर्मचारी बसवायचे याची आधीच ठरलेली वाटणी, सक्तीचा असेल, तर कोणाला तरी तळाशी बसवावेच लागते. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिकमध्ये तळाचे १० टक्के असे ठरवून वेगळे काढले जात. मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. अशा पद्धतीत श्रेणी तुलनेतून येते, त्यामुळे तोच माणूस, तेच काम करून, दुसऱ्या टीममध्ये मधल्या श्रेणीत बसू शकतो. श्रेणी देणाऱ्याचा वाटाही लहान नाही: स्कलेन, माउंट आणि गॉफ यांच्या २००० सालच्या अभ्यासात रेटिंगमधील निम्म्याहून अधिक फरकाचा संबंध कर्मचाऱ्याच्या कामगिरीपेक्षा श्रेणी देणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या कलाशी असल्याचे आढळले.

शिवाय निकाल अनपेक्षित होता, ही गोष्ट स्वतंत्रपणे तपासण्याजोगी आहे. एक तर मॅनेजर वर्षभर गप्प राहिला, किंवा त्याने सौम्य शब्दांत सांगितलेले आपल्यापर्यंत पोहोचले नाही, किंवा वर्षाच्या मध्येच अपेक्षा बदलल्या आणि केआरए (ज्यांवर कामगिरी मोजली जाते त्या ठरवून दिलेल्या मुख्य जबाबदाऱ्या) जुनेच राहिले. यांतले काय घडले हे मॅनेजरशी स्वतंत्र बैठक घेऊन, नेमक्या कामांची उदाहरणे मागून समजू शकते (आणि ही बैठक अप्रेझलच्या दिवशीच घेऊ नये, कारण त्या दिवशी माणूस ऐकण्यापेक्षा स्वतःचा बचाव अधिक करतो). उत्तर कोणतेही निघाले, तरी ते त्या जागेतील संवादाविषयीचे असते. मॅनेजरला उदाहरणेच देता आली नाहीत, तर ते नोकरी सोडण्याचे चांगले कारण ठरेल. क्षेत्र सोडण्याचे नव्हे.

क्षेत्राविषयीचा पुरावा निराळा असतो आणि तो बहुधा या अप्रेझलच्या आधीपासूनच साठत आलेला असतो. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वरिष्ठांनी त्या व्यवसायाच्या गाभ्यातील एकाच कौशल्यावर बोट ठेवले असेल, तर तो विचारात घ्यावा. हिशेबतपासनीसाला सादरीकरण नीट जमत नाही ही टीका गाभ्याची नाही. आकड्यांतील विसंगती त्याच्या नजरेतून वारंवार सुटते ही आहे. त्याहून बोलका पुरावा म्हणजे टीका मान्य असूनही ती उणीव भरून काढण्याची इच्छाच न होणे. चांगली श्रेणी मिळत असतानाही ज्याला हे काम नकोसे वाटत होते, त्याच्या बाबतीत क्षेत्रबदलाचा विचार रास्त आहे, परंतु तो या अप्रेझलमुळे जन्मलेला नाही, फक्त पुढे आलेला आहे.

दोन्ही निर्णयांची किंमतही सारखी नसते. नोकरी बदलताना अनुभव आणि ओळखी बहुतांशी सोबत येतात. क्षेत्र बदलताना ज्येष्ठता आणि पगार यांचा काही भाग सोडून द्यावा लागतो, आणि परतीची वाट वर्षागणिक अवघड होते. कंपनीतच दुसऱ्या विभागात बदली मागणे हा मधला मार्ग आहे, मात्र खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्याला अनेक ठिकाणी काही काळ तशी परवानगी मिळत नाही.

अप्रेझलबरोबर पीआयपी, म्हणजे ठरावीक मुदतीची सुधारणा योजना, लागू झाली असेल, तर क्षेत्राचा प्रश्न त्या मुदतीत सोडवू नये. ही मुदत बहुधा ३० ते ९० दिवसांची असते आणि तिच्या अखेरीस नोकरी जाण्याची शक्यता खरी असते, म्हणून योजनेतील उद्दिष्टे लेखी घेऊन त्यांवर काम करतानाच आपल्या सध्याच्या क्षेत्रात अर्ज करणे सुरू करावे. पगाराची सोय झाल्यावर क्षेत्राचा प्रश्न शिल्लक राहिलाच, तर त्यासाठी एखादा अभ्यासक्रम करून किंवा त्या क्षेत्रातील छोटे काम हाती घेऊन पाहण्याइतका वेळ तेव्हा मिळतो.