साठ मोदक, आठ मोदक आणि गाडीतला डेक

गेल्या गणपतीत माझ्या हातून एक घोळ झाला. मुलुंडहून गिरगावला मोदकांची ऑर्डर द्यायला निघालो होतो. लालबागच्या उड्डाणपुलावर आत्याचा फोन आला, तो गाडीच्या डेकवरच उचलला. "साठ सांग रे, पुरेत तेवढे," एवढं बोलून तिने ठेवला. मी ऐकलं 'आठ'. दुसऱ्या दिवशी आरती झाली तेव्हा घरात चोवीस माणसं आणि ताटात आठ मोदक. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही. तिने सुरी घेतली आणि एकेका मोदकाचे तीन तीन तुकडे करायला बसली. उकडीचा मोदक सुरीने कापलेला तुम्ही कधी पाहिलाय? पाहू नका.

आत्याचा उच्चार खणखणीत आहे आणि माझे कानही ठीक आहेत. 'साठ'मधला 'स' वाटेत कुठेतरी गळला. तो नेमका कुठे गळला हे शोधता शोधता मी नवा डेक कसा निवडायचा ते शिकलो. (डेक म्हणजे गाडीतला स्टिरिओ. कॅसेट जाऊन जमाना झाला, पण दुकानात अजून सगळे डेकच म्हणतात.)

'आ' म्हणताना स्वरयंत्र थरथरतं आणि त्याची बरीचशी ऊर्जा हजार-बाराशे हर्ट्‌झच्या आत असते. (इतके हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं.) 'स'ची गोष्ट वेगळी. तिथे घसा गप्प असतो, दातांवर घासणारी हवा नुसती फुसफुसते आणि तिची ऊर्जा मुख्यतः चार हजार ते आठ हजार हर्ट्‌झमध्ये असते. जुन्या टेलिफोनची खिडकी मात्र ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढीच. म्हणजे 'आ' आरामात आत येतो आणि 'स' बराचसा दाराबाहेर राहतो. एरवी आपल्याला हे कळतही नाही, कारण मेंदू गाळलेल्या जागा भरतो. 'सकाळी ये'चं 'अकाळी ये' कोणी ऐकत नाही. आकड्यांना असा मागचा-पुढचा आधार नसतो. साठ आणि आठ दोन्ही खरेच आकडे, आणि मोदक दोन्ही संख्यांनी सांगता येतात.

पण हल्लीचे फोर-जीवरचे कॉल सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज पोचवतात. आत्याचा 'स' माझ्या खिशातल्या फोनपर्यंत बहुधा धडधाकट आला असणार. तो गळला शेवटच्या दोन फुटांत, फोन ते डेक या ब्लूटूथच्या टप्प्यात.

ब्लूटूथवर गाण्याचा रस्ता वेगळा आणि कॉलचा वेगळा. गाणं एकतर्फी असतं, थोडं उशिरा आलं तरी बिघडत नाही, म्हणून ते भरपूर माहितीसकट पाठवता येतं. कॉलमध्ये दोन्हीकडून आणि लगोलग बोलणं जावं लागतं. त्यासाठीच्या नियमावलीला 'हँड्स-फ्री प्रोफाइल', थोडक्यात एचएफपी म्हणतात. तिच्या जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्याहून वरची कंपनं टिपताच येत नाहीत, म्हणजे चार हजारांच्या वरचं सगळं गेलं. त्यात हे नमुने पाठवण्याची तऱ्हाही गमतीची आहे. आधीच्या पायरीपेक्षा आवाज वर गेला की खाली, एवढंच दर वेळी एका बिटात सांगायचं. जिन्यावरून चालणारा माणूस फक्त 'वर', 'खाली' ओरडत असावा तसं. २०११ साली आलेल्या एचएफपी १.६ मध्ये सेकंदाला १६,००० नमुन्यांची सोय झाली आणि 'स'ला निदान दारातून आत यायला मिळालं.

खोक्यावर ठळक छापलेलं 'ब्लूटूथ ५.०' यातलं काहीच सांगत नाही. तो रेडिओच्या पिढीचा आकडा आहे. बघायचं ते माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एचएफपी १.६ किंवा त्यापुढचं लिहिलंय का, किंवा 'वाइडबँड स्पीच', 'एचडी व्हॉइस' असा काही उल्लेख आहे का. दुकानदाराला विचारलंत तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. माझ्याकडे बघितलं.

हा सगळा ऐकण्याचा भाग झाला. खरी गंमत बोलण्यात आहे. डेकवरून बोलताना आपला आवाज पलीकडे कसा पोचतो ते आपल्याला कधीच ऐकू येत नाही. पैसे आपण मोजतो आणि दोष भोगते आत्या. पाच वर्षं माझ्या जुन्या डेकवर लोक मला "हॅलो, हॅलो, तू विहिरीत आहेस का?" विचारायचे आणि मी नेटवर्कला शिव्या घालायचो.

विहिरीचं कारण बहुतेक वेळा माइकची जागा. स्वस्त डेकचा माइक त्याच्या दर्शनी पट्टीवरच, व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी, टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकामागे असतो. माइक म्हणून तो वाईट नसतो. गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल लॅब्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधलेला इलेक्ट्रेट माइक आज मण्याएवढा, काही रुपयांत मिळतो आणि काम चोख करतो. पण तो तुमच्या तोंडापासून ऐंशी सेंटिमीटरवर आणि एसीच्या झरोक्याच्या अगदी कुशीत असला तर बिचारा काय करणार? तोच माइक चाळीस सेंटिमीटरवर आणला की तुमच्या आवाजाची त्याच्यापर्यंत पोचणारी ऊर्जा चौपट होते. बंद गाडीत टायरचा, इंजिनचा, पंख्याचा आवाज मात्र सगळीकडून येतो, त्यामुळे तो दोन्ही जागी साधारण तेवढाच राहतो. फुकटात मिळालेली ही चौपट खोक्यावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची.

म्हणून माझा पहिला निकष: डेकच्या मागे बाहेरचा माइक जोडायला जागा आहे का. असेल तर तो काचेच्या कडेच्या खांबावर किंवा सन व्हायझरच्या कडेला लावून घ्यायचा, एसीच्या वाऱ्यापासून लांब. फिटर तो स्टिअरिंगखाली चिकटवायला बघतो कारण वायर कमी ओढावी लागते. बधू नका.

मुंबईत तर हे जास्तच महत्त्वाचं. मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली होती आणि २०२० च्या जानेवारीत त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या चित्रफितीवर शहर पोट धरून हसलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हॉर्न वाजवायला लागलं. या आवाजात तुमचं वाक्य पलीकडे पोचवायचं काम त्या मण्याएवढ्या माइकचं आहे.

आता प्रतिध्वनी. आत्याचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून निघतो, पुढच्या काचेवर, छतावर, सीटच्या पाठीवर आपटतो आणि माइकमध्ये शिरतो. तिथून तो तिच्याकडे परत जातो आणि तिला स्वतःचंच बोलणं जरा उशिराने ऐकू येतं. स्वतःचं वाक्य असं मागून आलं की माणूस अडखळतो, म्हणजे आत्यासुद्धा. हाच त्रास एकेकाळी उपग्रहावरून होणाऱ्या फोनना होता, कारण ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली यायला आवाजाला पाव सेकंद लागायचा. त्यावर तोडगा काढणाऱ्यांत बेल लॅब्समधले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी होते. त्यांचा शोधनिबंध १९६७ सालचा. कल्पना अशी की आपण स्पीकरला काय पाठवलं ते यंत्राला तंतोतंत माहीत असतं. तो आवाज भिंतींवर आपटून माइकपर्यंत कसा बदलून येईल याचा अंदाज करायचा, माइकमध्ये आलेल्या आवाजातून तो वजा करायचा, जे उरलं त्यावरून अंदाज सुधारायचा, आणि हे अखंड चालू ठेवायचं. तुम्ही खिडकीची काच खाली केलीत की आवाजाच्या वाटा बदलतात आणि यंत्र पुन्हा शिकायला बसतं. दोघं एकदम बोलायला लागले तर त्याची पंचाईत होते. आमच्या घराण्यात ते नेहमीचंच.

या वजाबाकीची एक अट आहे: स्पीकरमधून तेच बाहेर पडलं पाहिजे जे त्याला पाठवलं. आवाज फाटला की हिशेब चुकतो. आणि इथे येतात खोक्यावरचे वॅट.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, मी डेक बघायला गेलो तेव्हा पहिलं वाक्य कानावर आलं, "फोर बाय फिफ्टी आहे साहेब, बेस बघा नुसता." चार स्पीकर, प्रत्येकी पन्नास वॅट. हा आकडा कुठून येतो ते वहीच्या पाठीवर काढता येतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि स्पीकर चार ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. म्हणजे बॅटरी थेट स्पीकरला लावून क्षणाक्षणाला उलटसुलट केली तर जी कर्कश घरघर निघेल, तिची ही ताकद. स्वच्छ, न फाटलेल्या आवाजात तेवढ्याच व्होल्टमधून याच्या निम्मे, पंचवीसेक वॅट निघतात, आणि डेकमधली ॲम्प्लिफायरची चिप स्वतः थोडं खाते. हातात उरतात वीसच्या आसपास. माहितीपत्रकात 'आरएमएस' या शब्दापुढे असतो तो हा खरा आकडा. संशय असेल तर डेकच्या मागचा फ्यूज बघा. तो दहा अँपिअरचा असेल तर आत जाणारी वीज सतत १४४ वॅटच्या वर जाऊच शकत नाही, मग बाहेर दोनशे कुठून येणार? आमच्या गल्लीतल्या वाण्याचं पाच किलोच्या पिशवीतलं सहा किलो याहून खरं असायचं.

वीस वॅट गाडीसाठी पुष्कळ आहेत, तक्रार तेवढ्यासाठी नाही. पण सुमार डेक आवाज मोठा केला की वेळेआधीच फाटतो, गोंगाटात आपण आवाज मोठा करतोच, आणि मग प्रतिध्वनीची वजाबाकी कोलमडते. त्यात आणखी एक मेख आहे. डेक फोनला सांगू शकतो की तुझी प्रतिध्वनी काढायची सोय बंद कर, मी बघतो. फोनमधली सोय चांगली असते, ती झोपते, आणि बघणारा हा.

त्यामुळे चाचणी दुकानात फळीवर लावलेल्या डेकवर करून उपयोग नाही. दुकान गाडीपेक्षा वेगळं, स्पीकर वेगळे, आणि बाजूला दुसरं गिऱ्हाईक बेस बघत असतं. मी दुकानदाराला डेक गाडीत तात्पुरता जोडायला लावला आणि आत्याला फोन केला. तिला कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि आकडे बोलत गेलो: साठ, आठ, सात, सदुसष्ट, अडुसष्ट, शहात्तर. एकदा एसी पूर्ण जोरात ठेवून, एकदा काच खाली करून, एकदा डेकचा आवाज मोठा करून. मग तिने आकडे सांगायचे, मी लिहायचे. पहिल्या डेकला तिने सरळ नापास केलं, "माझंच बोलणं मला ऐकवतोयस का रे?" दुसरा पास झाला. दिसायला तो पहिल्यापेक्षा साधा, रंगीत दिवे नाहीत, पण बाहेरचा माइक सोबत आलेला. मोठा पडदा मी घेतला नाही. त्याच किमतीत पडदा आला की पैसे आवाजातून कापले जातात असा माझा अनुभव.

जोडणीबद्दल थोडंसं. आपल्या गाडीचा कपलर, म्हणजे दोन्हीकडच्या वायरी जोडणारा तयार जोड, मिळतो का ते आधी विचारा, म्हणजे कंपनीच्या वायरी कापून टेप गुंडाळावी लागत नाही. पिवळी वायर कायम चालू राहणाऱ्या विजेची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल उलट लागली तर डेक रोज सकाळी तुमचा फोन, तुमचं स्टेशन सगळं विसरतो. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी 'कुंई' ऐकू आली तर बरेचदा अर्थिंगची वायर ढिली असते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने चालवताना फोन हातात धरून वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. हात मोकळे असले की कायदा शांत. मेंदूचं काय? युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली चाळीस जणांना गाडीच्या सिम्युलेटरमध्ये बसवलं. फोनवर बोलणारे ब्रेक उशिरा दाबत होते, आणि फोन हातात होता की हँड्स-फ्री याने काहीच फरक पडला नाही. शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाचं तसं नसतं, कारण त्यालाही रस्ता दिसतो. शेजारच्या सीटवरची आत्या सायनला बस आडवी आली की वाक्य अर्धवट टाकून गप्प होते. फोनवरच्या आत्याला बस दिसत नाही.

त्यामुळे या वर्षी पुन्हा लालबागच्या पुलावर तिचा फोन आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "गाडीत आहे, पोचलो की करतो." आवाज इतका स्वच्छ होता की तिचा सुस्कारासुद्धा ऐकू आला.

"मग तो डेक घेतलास कशाला?"