पिक्सेल मोजायचे की फ्रेम?

गणपतीत मुंबईचे चाकरमानी गावाला येतात तेव्हा हल्ली त्यांच्या बॅगेतून गेम कन्सोलही येतो. कुडाळकडच्या आमच्या घरी आरती-भजनं आटोपली की माजघरातल्या ४३ इंची टीव्हीला तो जोडला जातो आणि वाद पेटतो. थोरल्याला सेटिंगमध्ये 'क्वालिटी' हवी, म्हणजे ४के चित्र, पण सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. धाकट्याला 'परफॉर्मन्स', म्हणजे रेझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची, म्हणजेच पिक्सेलची संख्या) कमी, पण ६० फ्रेम. "खेळूक इलंस की गवत बघूक?" हा धाकट्याचा सवाल. शास्त्र बरंचसं धाकट्याच्या बाजूचं आहे.

आधी पिक्सेलचा हिशेब. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. चौपट. पण ते दिसायला तर हवेत! निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा ओळखता येतो. ४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे फुल एचडीचा एक ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलात की तो डोळ्याच्या आवाक्याबाहेर. आमच्याकडे पोरं भिंतीला टेकून बसतात, आठ-नऊ फुटांवर. तिथून ४केचे जादा ठिपके बहुतेकांना वेगळे दिसणारच नाहीत. टीव्ही ६५ इंची असेल तर मात्र ही मर्यादा साडेआठ फुटांवर जाते, तेव्हा थोरल्याची बाजू अगदीच पोकळ नाही. शिवाय कमी रेझोल्यूशनला विजेच्या तारा किंवा माडाच्या झावळ्यांच्या कडा लुकलुकतात, आणि ती लुकलुक लांबूनही खुपते. नवे कन्सोल मागच्या फ्रेममधली माहिती वापरून ती बरीच दाबतात.

खरी गंमत चित्र हलायला लागलं की. कोकण रेल्वेची न थांबणारी गाडी स्टेशनातून सुसाट जाते तेव्हा खिडकीतून पाटी वाचायची तर नजर पाटीबरोबर सरकवावी लागते, आणि डोळा ते आपसूक करतो. टीव्हीसमोरही तो तेच करतो. फरक इतकाच की पाटी सलग सरकते, तर पडद्यावरचं चित्र एका जागी थांबतं, मग उडी मारतं. समजा गेममधली एक गाडी दोन सेकंदांत पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. फुल एचडीवर हा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल झाला. ३० फ्रेमच्या गेममध्ये एक चित्र जागचं हलायच्या आत नजर ३२ पिक्सेल पुढे गेलेली असते, म्हणून कडा फरफटतात. ६० फ्रेमला ही फरफट १६ पिक्सेल, १२० ला ८. ४के चित्रात ३० फ्रेमला तीच ६४ पिक्सेल होते! चौपट मेहनतीने आणलेला बारकावा गाडी पळाली की पुसला जातो. वेगवान गेममध्ये फ्रेमची संख्या हेच खरं रेझोल्यूशन आहे, असं माझं मत.

सिनेमा तर २४ फ्रेमचाच असतो, असं कोणी म्हणेल. पण कॅमेऱ्याचं शटर उघडं असताना हालचाल प्रत्येक चित्रात आधीच थोडी पसरलेली असते. आणि सिनेमा बघणारा बटण दाबत नाही.

बटणाचं महत्त्व क्रिकेटच्या गेममध्ये कळतं. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटपाशी येतो. तेवढ्यात ३० फ्रेमला जेमतेम चौदा चित्रं दिसतात, ६० ला सत्तावीस. बटण दाबल्यापासून फटका दिसेपर्यंत तीन फ्रेम जात असतील, तर ३० ला सेकंदाचा दहावा भाग गेला, ६० ला त्याच्या निम्मा. त्यात टीव्ही आलेल्या चित्रावर स्वतःची रंगसफेदी करण्यात आणखी वेळ खातो. टीव्हीतला 'गेम मोड' ती बंद करतो. तो चालू न करता कन्सोलला शिव्या घालणारे पुष्कळ आहेत.

मग सगळे गेम ६० चे का नाहीत? ६० फ्रेमसाठी प्रत्येक चित्राला फक्त १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३. रेझोल्यूशन घटवलं की ग्राफिक्स चिपचा भार हलका होतो. पण गर्दीतल्या शंभर माणसांनी कुठे चालायचं हे ठरवणाऱ्या प्रोसेसरला त्याने काहीच आराम मिळत नाही. अशा गेममध्ये पिक्सेल कितीही कापा, फ्रेम वाढत नाहीत.

आणि आकड्यापेक्षा स्थैर्य मोठं. कधी ६०, कधी ४५ असा अडखळणारा गेम एकसारख्या ३० पेक्षा जास्त त्रास देतो. कारण साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे तो ६० हर्ट्झचा असतो. एक वेळ चुकली की पुढच्या वेळेपर्यंत जुनंच चित्र तसंच राहतं. १२० हर्ट्झच्या टीव्हीवर काही गेम ४० फ्रेमचा मधला मोड देतात. ४० म्हणजे दर २५ मिलिसेकंदाला एक चित्र, टीव्हीच्या बरोबर तीन फेऱ्या. गंमत म्हणजे वेळेच्या हिशेबात ३० आणि ६० च्या अगदी मधोमध ४० येतं, ४५ नव्हे. थोरला-धाकट्याची तडजोड इथे होऊ शकते, पण माजघरातला टीव्ही ६० हर्ट्झचा आहे. नवा घ्याल तर पॅनल खरोखर १२० हर्ट्झचं आहे का, हे दुकानदाराला विचारा. खोक्यावर 'मोशन' शब्दापुढे छापलेला आकडा वेगळा असतो. फ्रेमच्या तालावर टीव्हीनेच चालावं अशी व्हीआरआर सोय आहे का तेही बघा, आणि कन्सोलची वायर त्याच एचडीएमआय पोर्टला लावा जिथे ती चालते. बऱ्याच टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात.