'समुपदेशक' म्हणायचे कुणाला?

संस्थेतल्या कार्यकर्त्यांना मानसिक आधाराचे प्राथमिक प्रशिक्षण द्यायचे ठरले की अभ्यासक्रमाआधी वाद होतो तो हुद्द्यावरून.

सुरुवातीला हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. १९७०च्या दशकात हरयाणातल्या रायपूर रानी आणि बंगळूरजवळच्या सकलवारा इथे मानसिक आरोग्यसेवा गावापर्यंत नेण्याचे प्रयोग झाले, १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये तो जिल्ह्यांकडे वळला. त्यात गावपातळीच्या कार्यकर्त्याचे काम ठरलेले: रुग्ण हेरायचा, दवाखान्यात पाठवायचा, गोळ्या चालू आहेत ना ते पाहायचे. बोलण्यातूनच उपचार करायचा, तोही त्या विषयाची पदवी नसलेल्याने, हे गोव्यात आकाराला आले. तिथल्या २४ दवाखान्यांतल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. सरकारी केंद्रांत फरक पडला, खासगीत फारसा नाही. पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींची पद्धत बसली. कार्यकर्ते आपलीच ध्वनिमुद्रित सत्रे दर आठवड्याला एकत्र ऐकत, एकमेकांना गुण देत. शिबिरापेक्षा माणूस तिथेच जास्त शिकतो, आणि निधी आटला की कात्रीही आधी तिथेच लागते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत असेच काम झाले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

या कार्यकर्त्यांना 'समुपदेशक' म्हटले गेले आणि गुंता झाला. कौटुंबिक न्यायालयात, एचआयव्ही तपासणी केंद्रात ते पगारी पद होते. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्यांना वाटले, आपली पाटी कुणीतरी पळवली. त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. पण तालुक्याला ते स्वतः जायला तयार नव्हते, हेही खरेच. शब्दाच्या पोटातच 'उपदेश' बसलेला, आणि प्रशिक्षणात पहिला धडा असतो, उपदेश करू नका! दुसरा धडा, 'नैराश्य' म्हणू नका, समोरची बाई 'टेन्शन' म्हणत असेल तर टेन्शनच म्हणा.

कायद्यानेही गाठ सोडवली नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या व्यावसायिकांच्या व्याख्येत हे कार्यकर्ते बसत नाहीत. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या अनुसूचीत समुपदेशकांचे काही प्रकार आहेत आणि मानसिक आरोग्य साहाय्यक कार्यकर्ता अशी वेगळी नोंदही आहे. २०२२ मध्ये मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन सुरू झाली. तिथे पहिला फोन उचलणाऱ्याचा हुद्दा समुपदेशकच आहे.