सशाच्या डोळ्याला पर्याय मिळायला इतकी वर्षं का लागली?

शाम्पू किंवा काजळातला एखादा घटक डोळ्यात गेला तर काय होईल हे बघायला कित्येक दशकं एकच रीत होती, तो सशाच्या डोळ्यात घालायचा. सुरुवातीचं कारण मात्र खरं होतं. १९३३ च्या सुमाराला अमेरिकेत लॅश ल्यूर नावाचा पापण्यांचा डाय विकायचे, त्यातल्या पॅराफिनिलिनडायमिन या रसायनामुळे बायकांची दृष्टी गेली, एक बाई दगावलीसुद्धा, आणि असला माल रोखायला सरकारकडे कायदाच नव्हता! तो आला १९३८ मध्ये. मग १९४४ मध्ये तिथल्या एफडीए या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेतल्या जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी सशाच्या डोळ्यावरची टेस्ट छापली.

पांढऱ्या सशाची खालची पापणी ओढून ०.१ मिली पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा, मग २४, ४८, ७२ तासांनी लाली, सूज, कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) धुरकटपणा बघून मार्क द्यायचे, जास्तीत जास्त ११०, त्यातले ८० एकट्या कॉर्नियाचे. हे सगळं नुसत्या नजरेने. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या संशोधकांनी दाखवून दिलं की तोच पदार्थ वेगवेगळ्या लॅबमध्ये दिला तर निकाल भलतेच वेगळे येतात. शिवाय सशाला तिसरी पापणी असते आणि अश्रू आपल्यापेक्षा कमी येतात.

१५ एप्रिल १९८० ला प्राणीहक्कांसाठी लढणारे हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये रेव्हलॉन या कॉस्मेटिक्स कंपनीला जाब विचारणारी पानभर जाहिरात दिली, आणि त्यानंतर रेव्हलॉनने पर्याय शोधायला रॉकफेलर युनिव्हर्सिटीला साडेसात लाख डॉलर दिले. पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये याच कामाचं सेंटर उभं राहिलं.

तरी गाडी अडली, आणि मला वाटतं याचं मोठं कारण असं की नवी पद्धत पास करायची तर तिचा निकाल सशाच्या जुन्या निकालाशी जुळवायचा, म्हणजे जी मोजपट्टीच हलते तिच्यावर सगळं मापायचं. ओईसीडीने, म्हणजे चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या संघटनेने, गायीच्या आणि कोंबडीच्या डोळ्यांवरच्या टेस्ट मान्य केल्या त्या थेट २००९ मध्ये. गायीचा डोळा कत्तलखान्यातून येतो, म्हणजे त्यासाठी वेगळा प्राणी मारत नाहीत. कॉर्निया कापून होल्डरमध्ये ३२ अंशांवर बसवतात, द्रव पदार्थ असेल तर १० मिनिटं त्यावर ठेवतात, मग प्रकाश किती अडतो ते मोजतात, आणि फ्लुरोसिन नावाचा रंग किती पार होतो तेही. त्यावरून पदार्थ अतिजहाल आहे की अगदी सौम्य हे चांगलं कळतं, मधले मात्र निसटतात. माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या कॉर्नियासारख्या थरावरची टेस्ट २०१५ मध्ये आली, तिच्यात पेशी किती जिवंत राहिल्या ते बघतात.

कायदे मात्र याची वाट बघत बसले नाहीत. युरोपने २०१३ मध्ये प्राण्यांवर तपासलेल्या कॉस्मेटिक्सची विक्री पूर्ण बंद केली, भारताने २०१४ मध्ये आधी चाचणी आणि मग असल्या मालाची आयात.

त्या मधल्या गटाचं उत्तर द्रव पदार्थांपुरतं २०२२ मध्ये मिळालं, एका टेस्टवर न थांबता दोन टेस्टचे निकाल एकत्र वाचायचे. कीटकनाशकं मात्र आपल्या २०१४ च्या बंदीत येत नाहीत, आणि डोळा तर सशाचा तोच आहे.