पार्श्वभूमी: डेन्व्हरच्या पाळकबाई आणि 2009चं मतदान

नादिया बोल्झ-वेबर या डेन्व्हरच्या लुथरन (मार्टिन लुथर या ख्रिस्ती धर्मसुधारकाच्या परंपरेतल्या) पाळकबाईंचं नाव निघालं की आधी हातांवरचं गोंदण आणि शिवराळ बोलणं आठवतं. त्यांची शिकवण मात्र पार जुन्या वळणाची आहे.

त्या कोलोरॅडोतल्या एका कडक पंथात वाढल्या. तिथे उपासनेत वाद्यं वाजत नाहीत आणि मंडळीपुढे, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या समुदायापुढे, बाईनं उपदेश करायचा नाही. तरुणपणी तो पंथ सुटला, दारू आणि अमली पदार्थ आले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला व्यसनमुक्तीच्या सभांनी त्यांना बाहेर काढलं. दारूपुढे आपलं काही चालत नाही, ही त्या सभांमधली पहिली कबुली. माणूस स्वबळावर नीतिमान ठरत नाही आणि कृपा मिळाल्यावरही एकाच वेळी पापी नि नीतिमान राहतो, असं लुथर 16व्या शतकात सांगत होता. पुढे लुथरन शिकवण कानावर पडली, तेव्हा बाईंना ती नव्यानं पटवून द्यावी लागली नाही.

2004 साली त्यांच्या एका विनोदी कलाकार मित्रानं आत्महत्या केली. मित्रमंडळींत देवाधर्माचं बोलणारी एकटी हीच, म्हणून अंत्यविधी यांच्याकडे आला आणि तो कॉमेडी क्लबातच झाला. समोर बसलेल्या कलावंतांना, व्यसनातून उठलेल्यांना कुणी पाळकच नाही, हे त्यांना तिथे उमगलं. घरी पाळक होण्याचा निर्णय सांगितला, तेव्हा स्त्रियांना व्यासपीठ नाकारणाऱ्या पंथातल्या वडिलांनी बायबल उघडून आपल्या लोकांना वाचवणाऱ्या एस्तेर राणीची गोष्ट वाचली: अशाच वेळेसाठी तुझा जन्म आहे.

2008 मध्ये पाळकपदाची दीक्षा झाली, नवी मंडळी उभी राहिली. ही मंडळी 'इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका' या संघटनेतली. लोक गोलाकार बसत आणि जुनी गीतं वाद्यांशिवाय गात. बालपणीच्या पंथातली ही एक गोष्ट बाईंनी जपली. उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतली एखादी ओळ पटत नसेल, तर खोलीत ती मानणारं दुसरं कुणीतरी असतंच, असं त्या शंका घेणाऱ्यांना सांगत. मंडळीत समलिंगी आणि ट्रान्स माणसं बरीच होती, म्हणूनच समलिंगी पाळकांविषयीचा 2009चा निर्णय तिच्या थेट जिव्हाळ्याचा होता.

या संघटनेत पुढे विलीन झालेल्या दोन प्रमुख लुथरन प्रवाहांनी स्त्रियांना 1970 सालीच दीक्षा देऊ केली होती. समलिंगी पाळकांना मात्र ब्रह्मचर्याची अट होती. 1990 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन मंडळ्यांनी ती मोडून तिघांना दीक्षा दिली. या मंडळ्या आधी निलंबित झाल्या, 1995 अखेर संघटनेबाहेर काढल्या गेल्या. ऑगस्ट 2009 मध्ये मिनियापोलिसला संघटनेची महासभा भरली. लैंगिकतेविषयीच्या निवेदनाला दोन तृतीयांश मतं लागणार होती. मतं पडली 676 विरुद्ध 338, म्हणजे एकही जास्त नाही, एकही कमी नाही. त्याच दिवशी शहरात टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ, आलं, समोरच्याच चर्चच्या मनोऱ्याची मोडतोड झाली आणि विरोधकांपैकी काहींनी तो देवाचा इशारा मानला. वादळावरून देवाचं मत ठरवणं मला तरी लुथरच्या शिकवणीत बसत नाही. दोन दिवसांनी ब्रह्मचर्याची अट 559 विरुद्ध 451 मतांनी उठली. ज्यांना हे पटत नाही त्यांच्या सदसद्विवेकाचा मान राखावा, असंही ठरलं. तरी शेकडो मंडळ्या बाहेर पडल्या.

जुलै 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सात समलिंगी किंवा ट्रान्स पाळकांना संघटनेच्या अधिकृत पाळकांच्या यादीत घेण्याचा विधी झाला. त्यांना दीक्षा आधीच मिळाली होती. आता पुन्हा दीक्षा दिली, तर आधीची वर्षानुवर्षांची सेवा खोटी ठरली असती. म्हणून 'स्वीकृती' असा वेगळा विधी झाला. मला तो मतदानापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण त्यात संस्थेनं आपण नाकारलेली सेवा खरी होती हे मानलं.

बोल्झ-वेबर यांनी 2018 मध्ये आपली डेन्व्हरची मंडळी सोडली. 2021 मध्ये त्याच संघटनेनं त्यांना एका मंडळीपुरतं न बांधता जाहीर साक्षीसाठी पाळक नेमलं. असं पद तिथे त्याआधी नव्हतं.