ग्रेलिस्ट की ब्लॅकलिस्ट? आधी पहिला आकडा वाचा

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. ऐन तुरीच्या हंगामात तिथल्या अकाउंटंटचा फोन आला, "भाऊ, सुरतच्या पार्टीला आपण ब्लॅकलिस्ट केलं का? त्यांची ऑर्डर अडकून राहिली." लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. नोंदीच्या सुरुवातीला आमच्या सर्व्हरच्या उत्तराचा आकडा ४५० होता आणि पुढे ‘ग्रेलिस्टेड’, म्हणजे अनोळखी मेलला तात्पुरतं थांबवलेलं. सुरतच्या माणसानं त्याच्याकडे अडकलेल्या मेलच्या रांगेत तेच उत्तर वाचून त्याचा अर्थ ब्लॅकलिस्ट असा लावला होता. फोन चालू असतानाच ऑर्डर येऊन पडली.

घोळ नावामुळे होतो, पण सर्व्हर कधी घोळ घालत नाही. उत्तराचा पहिला आकडा ४ असेल तर ‘आत्ता नाही, थोड्या वेळानं या’. ५ असेल तर ‘नाही म्हणजे नाही’. ग्रेलिस्ट चारचं उत्तर देते. ब्लॅकलिस्टमध्ये नाव निघालं की सहसा ५५४ मिळतं आणि पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते.

बाजार समितीत नवा व्यापारी आला की अडत्या दुसऱ्या अडत्याला फोन करून विचारतो, याचं पेमेंट कसं आहे? ब्लॅकलिस्ट तेच करते, फक्त फोनऐवजी डीएनएस वापरते, म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा नंबर) १९२.०.२.१० असेल, तर तो उलटा करून १०.२.०.१९२ असा यादीच्या नावाच्या आधी जोडून विचारायचा. १२७.०.० नं सुरू होणारं उत्तर आलं तर नाव यादीत आहे. ‘असं काही नाही’ आलं तर वाट मोकळी.

इथे एक खड्डा आहे आणि तो फार महाग पडतो. स्पॅमहाऊस या ब्लॅकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेच्या मोफत यादीला ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं, तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येऊ शकतं. ती यादीतली नोंद नसून ‘विचारायची वाट चुकली’ अशी सूचना आहे. पोस्टफिक्सला (मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला) कोणतं उत्तर ग्राह्य धरायचं हे सांगितलं नसेल, तर कुठलंही उत्तर आलं की तो मेल नाकारतो. मग सगळ्यांचीच मेल परत जाते. म्हणून सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएसला थेट विचारणारा प्रोग्रॅम) बसवा आणि ग्राह्य उत्तरं १२७.०.०.२ ते ११ एवढीच ठेवा. शिवाय घरगुती ब्रॉडबँडचे आयपीही त्या यादीत असतात. लॉगिन करून पाठवणाऱ्यांना आधी सूट दिली नाही, तर शेठजींनी भुसावळच्या घरून पाठवलेली मेल त्यांचाच सर्व्हर नाकारेल.

ग्रेलिस्ट कुणालाच विचारत नाही. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. पाठवणाऱ्याचा आयपी, त्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता, ही तिकडी पहिल्यांदाच दिसली तर ‘थोड्या वेळानं या’ सांगायचं. खरा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो. घाईतला स्पॅमवाला बहुधा येत नाही. पोस्टग्रे हा ग्रेलिस्टचा प्रोग्रॅम मुळात ३०० सेकंद थांबवतो. पण पाच मिनिटं ही आपली अट झाली, समोरचा केव्हा परत येईल ते त्याच्या हाती. कुणी अर्ध्या तासानं येतो, आणि दहा मिनिटांचा ओटीपी तोवर मेलेला असतो.

आता बरेच स्पॅमवालेही पुन्हा येतात, म्हणून ग्रेलिस्ट जुनी झाली असं ऐकू येतं. मला ते अर्धंच पटतं. कारण तो परत येईपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात त्याचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये चढलेला असू शकतो. पहिल्या खेपेला चार मिळालेल्याला दुसऱ्या खेपेला पाच मिळतो. या दोघींची खरी जोडी मला इथेच दिसते.

मिलमध्ये आता आरस्पॅमडी हा मेलला संशयाचे गुण देणारा स्पॅम-गाळणीचा प्रोग्रॅम आहे. तो सरसकट कुणाला थांबवत नाही. संशयाचे गुण ४ झाले की ग्रेलिस्ट, ६ झाले की स्पॅमचा शिक्का, १५ झाले की सरळ नकार. हे त्याचे मूळचेच आकडे, मी बदलले नाहीत. सुरतची ऑर्डर आता थेट येते आणि अकाउंटंटचा ओटीपीही वेळेत पोचतो.